मागची सीट नसलेली गाडी

आमच्या थोरल्या साडूंइतकी माणसं बीड जिल्ह्यात आजवर कुणी गाडीत बसवली नसतील, आणि यापुढे कुणी बसवील असंही मला वाटत नाही. कुणाला पत्त्यांचा शौक असतो, कुणाला भजनाचा. साडूंना माणसं बसवण्याचा होता. तेलगावला त्यांची शेती, थोडा कापूस, थोडा ऊस, आणि दारात एक जुनी जीप. त्या जीपमध्ये किती माणसं मावतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मावली नाहीत असा प्रसंग कधी आलाच नाही. "जागा नसती कुठं भाऊसाहेब, ती करावी लागती," असं ते म्हणायचे, आणि मग खाली उतरून, एखाद्या बाईनं बरणीत लोणच्याच्या फोडी दाबाव्यात तशी माणसं आतल्या बाजूला दाबून शेवटच्याला दाराच्या कडेला टेकवायचे. आणि हाच माणूस आज आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत कशासाठी ओळखला जातो? तर म्हातारपणी यानं दोन सीटांची गाडी घेतली आणि भाऊबीजेच्या दिवशी सख्ख्या साडूला धारूरच्या घाटात उतरवून दिलं म्हणून. तो साडू मी. त्यांनी मला उतरवलं नाही. हे वाक्य मी त्याच दिवशी संध्याकाळी, चार माणसांत बोलायला हवं होतं. बोललो नाही. तेव्हापासून ती गोष्ट लग्नात, बारशात, तेराव्याच्या पंगतीतसुद्धा सांगितली जाते, लोक पोट धरून हसतात, आणि मी पुढ्यातल्या पत्रावळीकडे बघत बसतो. आता माझ्या वयाला पंगतीतला भातसुद्धा पचेना झालाय, मग ही गोष्ट कुठली पचायला? म्हणून काय झालं ते सरळ लिहून ठेवतो.

आधी साडू कसे ते सांगितलं पाहिजे. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केलेला दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा सिरसाळ्याच्या रस्त्याला एक गृहस्थ डोक्यावरची गांधीलमाशी हाकलत होते. साडूंनी जीप थांबवली, दार उघडलं आणि म्हणाले, "या, बसा." ते गृहस्थ म्हणाले, "मला कुठं जायचं न्हाई." साडू म्हणाले, "मग हात कावून केला?" त्यावर तो माणूस इतका ओशाळला की बसला, आणि परळीपर्यंत जाऊन वैजनाथाचं दर्शन घेऊन आला. गाडी चालवताना साडू चपला काढून ठेवायचे. पाटावर बसल्यासारखं वाटतं म्हणायचे. जगातल्या सगळ्या गोष्टी ते जीपच्या मापानं मोजायचे. कुणाच्या घरची वास्तुशांत बघून आले की सांगायचे, "हॉल चांगला हाय, दोन जीपा माणसं बसतेल." नवरीमुलगी बघायला गेले तर मुलीच्या बापाला विचारायचे, "पावणेरावळे किती जीपा?" आणि एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. एकदा जीपमध्ये बूड टेकलं की तो माणूस पाहुणा. मग तो चोर असो, वैरी असो, चुकून दुसऱ्या लग्नाच्या वऱ्हाडातला असो. असा एक चुकलेला वऱ्हाडी आमच्या पुतण्याच्या लग्नाला येऊन, जेवून, आहेराचा टॉवेल घेऊन गेलेला मला आठवतो.

जीपमध्ये माणसं कशीही कोंबलेली असली, तरी पुढच्या सीटचा मात्र एक रिवाज होता. आमच्याकडे तो कुणी शिकवत नाही, पण चुकतही नाही. ड्रायव्हरशेजारची जागा मानाची. तिथे जावई बसणार, व्याही बसणार, सरपंच असले तर सरपंच. बायका मागे, लेकरांना आणि पिशव्यांना घेऊन. मी जन्मभर ग्रामसेवकाची नोकरी केली. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, आणि एकदा माणूस भाऊसाहेब झाला की तो मागे बसू शकत नाही. जीप दिसली की मी पुढचं दार उघडायचो. कुणी बसा म्हणायची वाट बघितल्याचं मला आठवत नाही.

आता अक्का. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. अक्काला गाडी लागते, ही गोष्ट आमच्या नात्यात पंचांगासारखी पक्की होती. तिची जागाही पक्की होती. जीपच्या अगदी मागे, दाराजवळ, एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात कॅरीबॅग. जीप चालू झाली की अक्का डोळे मिटायची आणि पोचल्यावर उघडायची. मधला सगळा प्रवास तिच्यासाठी म्हणजे डिझेलचा वास. "अक्काला गाडी सोसत न्हाई," असं म्हणून आम्ही तिला बऱ्याच ठिकाणी नेलंच नाही, आणि तीही म्हणायची, "जावा तुमी. मी आल्यावर ऐकीन." तिचं माहेर नांदूरघाट. मधे धारूरचा घाट. नंतर नंतर तर तिनं माहेरी जाणंच सोडलं. दर दिवाळीला भाऊच तेलगावला यायचा आणि ओवाळून घेऊन जायचा.

साडूंना खरी गोष्ट कळली ती कापसामुळे. एका वर्षी जीपचा मागचा भाग कापसाच्या बोचक्यांनी असा गच्च भरला होता की मागे मांजरसुद्धा बसलं नसतं. धारूरला दवाखान्यात जायचं होतं म्हणून अक्काला पुढे बसवावं लागलं. घाट सुरू झाला. साडू मधूनमधून तिच्या तोंडाकडे बघत होते, कॅरीबॅग तयार आहे ना बघत होते. अक्का शेंगा खात होती. वळण आलं तरी खात होती. घाटमाथ्यावर आल्यावर तिनं फोलपटं बाहेर टाकली, मागे वळून खाली बघितलं आणि म्हणाली, "आवं, एवढा देखणा घाट हाय व्हय हा? मला आपला नुस्ता वासच ठावा होता."

हे साडूंनी मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. सांगताना ते रस्त्याकडे बघत होते. "भाऊसाहेब, तिला गाडी लागत नव्हती. मागची सीट लागत होती."

त्या दिवसापासून साडूंनी जीपमधली पुढची सीट अक्कासाठी मोकळी ठेवायचा चंग बांधला. पण रिवाज म्हणजे काही गांधीलमाशी नव्हे. सीटवर अक्काची पिशवी ठेवली, तर येणारा माणूस ती उचलून मांडीवर घ्यायचा आणि वर "सांभाळतो, सांभाळतो" म्हणायचा. दाराची कडी मोडलीय म्हणून सांगितलं, तर एक व्याही खिडकीतून पाय आत घालून बसले. शेवटी साडूंनी सीटची गादीच काढून घरात ठेवली. त्या उघड्या स्प्रिंगांवर टॉवेलाची घडी घालून बसलेला माणूस मीच. केजपर्यंत बसलो. उतरल्यावर "साडू, सीट दुरुस्त करा हो, पाहुण्यारावळ्यांत बरं दिसत नाही," असा सल्लाही दिला. आणि समजा एखाद्या वेळी सगळं जमून अक्का पुढे बसलीच, तर रस्त्यात कुणीतरी धोतरवाला हात करायचा, साडूंचा पाय ब्रेकवर जायचा, आणि ते काही बोलायच्या आत अक्का स्वतःच उतरून मागे जायची. "बाप्या माणूस मागं बसून मी पुढं कशी बसू? लोक काय म्हणतेल?"

अशात ते पुण्याला लेकीकडे गेले होते. लेकीच्या इमारतीखाली वाहनांच्या रांगेत त्यांना एक विजेवर चालणारी एवढीशी गाडी दिसली. दोन दारं, दोन सीटा, आणि मग गाडी संपली. साडू तिच्याभोवती फिरले, वाकून काचेला डोळा लावला, आणि कपाटात हरवलेली वस्तू शोधावी तशी मागची सीट शोधू लागले. गाडीची मालकीण म्हणजे कुठल्याशा कंपनीत काम करणारी एक मुलगी, ती आली. साडूंनी विचारलं, "पोरी, ह्याच्यात मागं कोण बसतं?"

"मागं सीटच नाही, काका."

"न्हाईच?"

"नाही ना."

लेक सांगते की बाबांचा चेहरा तेव्हा असा झाला होता, जसा विहिरीला पाणी लागलं तेव्हा झाला होता. दुसऱ्याच दिवशी ते अक्काला घेऊन ती गाडी विकणाऱ्या दुकानात गेले. तिथला पोरगा गळ्यात टाय बांधलेला. त्यानं साडूंचं धोतर बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, ही सिटी कार आहे. ऑफिसला एकटं-दुकटं जाणाऱ्यांसाठी. गावाकडं सीटिंग कमी पडेल. मोठी फॅमिली कार दाखवू का?"

"कमी पडंल ना? नक्की?" साडूंनी विचारलं.

"हो, म्हणजे मागं दोन बॅगाच राहतात."

"एखादं लेकरू?"

"नाही, काका."

"वाकून बसणारा बारका माणूस? गोधडी टाकून?"

"नाही हो. शक्यच नाही. सॉरी."

"मग द्या," साडू म्हणाले.

तेलगावला गाडी ट्रकमधून आली. उतरवताना चौकात सगळं गाव जमलं होतं, आणि योगायोगानं मीही होतो. हॉटेलवाला चहाची किटली हातात धरूनच बाहेर आला. "मालक, राहिलेली कधी येणार?" त्यानं विचारलं.

"राहिलेली म्हंजी?"

"न्हाई, पुढला भाग आलाय. मागला कधी येतोय?"

मग सगळ्यांनाच चेव आला. एक म्हणाला, "ऊस किती बसंल ह्याच्यात?" दुसरा म्हणाला, "ऊस सोड बे, एका टायमाला एक कांडं." कुणी म्हणालं, ही उसाच्या ट्रॉलीखालून आरपार जाईल, रस्ता सोडायचं कामच न्हाई. कुणी विचारलं की रात्री खाटेखाली सारायची की वळचणीला टांगायची. मी ग्रामसेवक माणूस, चारचौघांत शेवटचा शब्द आपला असावा अशी सवय. मी म्हणालो, "ही गाडी नाही, अर्धी गाडी आहे. आपल्या साडूंना म्हातारपणी माणसं नकोशी झालीत." ते नाव गावभर झालं. अर्धी गाडी. साडू हसले आणि फडक्यानं काच पुसत राहिले.

अशी गाडी घ्यावी का, हे मला त्या काळात बऱ्याच लोकांनी विचारलं, आणि मी सगळ्यांना नको म्हणून सांगितलं. माझी कारणं खोटी नव्हती. चाकं एवढीशी, आपल्याकडच्या खड्ड्यात गेलं की माणूस गाडीसकट दिसेनासा व्हायचा. हॉर्न लेकराच्या खेळण्यासारखा, म्हशी तो ऐकून उलट जवळ यायच्या. चार्जिंगला गोठ्यातल्या बोर्डाशिवाय जागा नव्हती, आणि लाइट गेली की गाडी आणि म्हैस दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. पण माजलगावच्या बाजारातल्या गल्लीत जिथे जीप अडकून पडायची तिथून ही सुळकन निघायची, डिझेलचा वास नाही, खडखड नाही, आतल्या माणसाला हळू आवाजात बोललेलं ऐकू येतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि माणसं भरायला जीप होतीच. ती पुतण्या चालवायचा. साडूंनी कुणाचंही काही तोडलं नव्हतं.

पण साडूंचा हिशोब एका ठिकाणी चुकला. मागची सीट नाही म्हणजे सगळ्यांना अक्काची जागा समजेल, असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. गाडीत आता मानाची सीट तेवढी उरली. सरपंच म्हणाले, "बघू तरी कशी चालती," आणि बसले. दूध संघाचे कोण होते ते बसले. बसलेल्याला साडू उठवणार नाहीत. पूर्वी अक्का मागे तरी बसायची, आता ती दारात उभी राहून हात हलवायला लागली. गाडी आल्यावर पहिले काही आठवडे अक्का तिच्यात बसून शेतापर्यंत आणि आठवडी बाजारापर्यंत गेली, तेवढीच.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नांदूरघाटला भाऊ अंगणात घसरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. म्हणजे भाऊबीजेला तो येणार नव्हता. अक्कालाच जावं लागणार होतं, इतक्या वर्षांनी. साडू म्हणाले, "आपुन गाडीनं जाऊ. सक्काळच्या पारी निघू, म्हंजी कुणी यायच्या आत." अक्कानं नवी साडी नेसायची ठरवली. प्रवासात नवी साडी नेसायचं धाडस तिनं लग्नानंतर केलं नव्हतं.

आणि त्या दिवशी सकाळी, माजलगावहून पहिल्या एसटीनं, मी तेलगावला उतरलो. माझी बायको दोन दिवस आधीच माहेरी गेली होती, आणि मलाही नांदूरघाटलाच जायचं होतं. मला वाटलं, साडू निघतच असतील, आयती गाडी आहे. दारात गाडी उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. मी नेहमीच्या सवयीनं दार उघडलं, बसलो, पिशवी मांडीवर घेतली. साडू घरातून आले. मला बघून जागीच उभे राहिले.

"या या भाऊसाहेब," ते म्हणाले. एवढंच.

मागून अक्का आली. हातात ओवाळणीचं ताट, वर रुमाल टाकलेला. तिनं गाडीत वाकून बघितलं, मला बघितलं, आणि क्षणभर थांबून हसली. "भाऊसाहेब आलेत व्हय? बरं झालं. तुमी व्हा म्होरं. मी एसटीनं येते."

"अगं पण..." साडू म्हणाले.

"जावा म्हणते ना. लिंबू घेते मी."

मला काय वाटलं असेल तेव्हा? काही नाही. खरंच काही नाही. मी काच खाली केली, हवा चांगली होती.

साडू त्या दिवशी बोलत नव्हते. एरवी ते रस्त्यातल्या प्रत्येक झाडाची वंशावळ सांगायचे. रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रक होते, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं लादलेले. एरवी प्रत्येक ट्रकला हात करणारे साडू आज सरळ बघत होते. मीच बोलत होतो. घाट लागला तेव्हा मी माझं आवडतं भाषण सुरू केलं. "साडू, खरं सांगा, ह्या गाडीत काय अर्थ आहे? दोन माणसांत गाडी भरते. आता आजचंच बघा. अक्काला आणायचं म्हटलं तर बसवणार कुठं?"

साडूंनी गाडी हळूहळू कडेला घेतली. वळणावर, कठड्याजवळ थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमी बसलाय तिथं."

मग त्यांनी कापसाची, शेंगांची, घाटाची गोष्ट सांगितली. मोडलेल्या कडीची आणि काढून ठेवलेल्या गादीची पण. तक्रार म्हणून नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. माझ्या डोळ्यासमोर मी बसलेली एकेक वेळ यायला लागली. लग्नं, साखरपुडे, देवदर्शनं, परळीच्या स्टेशनावर सोडायला जाणं. सगळ्यात मी पुढे होतो.

मी दार उघडलं आणि उतरलो.

"आवं, काय करताव? बसा," साडू घाबरून म्हणाले. "बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाई आमच्यात."

"तुम्ही उठवलं नाही. मी उठलोय. जा मागं. एसटी निघाली असंल."

"असं घाटात सोडून? लोक शेण घालतेल माझ्या तोंडात!"

"लोकांचं मी बघतो," मी म्हणालो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मी पुढे लोकांचं काय बघितलं ते येणारच आहे.

जीप असती तर त्या वळणावर ती वळवायला पुढे-मागे, पुढे-मागे करत घाट अडला असता. ही गाडी जागच्या जागी, भोवऱ्यासारखी वळली आणि उतारानं निघून गेली. त्या क्षणी मला पहिल्यांदा पटलं की ही गाडी घेण्यासारखी आहे.

घाटमाथा तिथून जवळच होता. चालत वर गेलो. तिथे एका टपरीजवळ पुढाऱ्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छांचा मोठा फलक लावलेला होता. मी टपरीवर चहा घेतला आणि वाट बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं घाटातून ती एवढीशी गाडी वर येताना दिसली. मला एकदम घाम फुटला. मी दिसलो तर साडू थांबणार. त्यांचा पाय त्यांच्या ताब्यात नाही. आणि थांबले की अक्का उतरणार, "बसा भाऊसाहेब" म्हणणार. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि पळत जाऊन त्या फलकाच्या मागे लपलो. टपरीवाला ओरडला, "आवं काका, पोलीस हाय का काय?" मी त्याला गप्प बस म्हणून हात जोडले. फलकावरच्या पुढाऱ्याच्या कानाजवळ एक फाटलेली फट होती. त्यातून बघितलं. अक्काचं कोपर खिडकीबाहेर होतं. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि साडू, जे आयुष्यात कुणाला बोलू देत नव्हते, ते मान हलवत ऐकत होते. गाडी गेली. आवाजसुद्धा आला नाही.

मागून एसटी आली. मी हात केला आणि चढलो. कंडक्टर भलताच खुशीत होता. "काका, आज मजाच झाली. घाटाच्या पायथ्याला एक काडेपेटी आडवी येऊन उभी राहिली बसला. आतनं धोतरवाला आजोबा उतरला, बसमधी शिरला, आन् म्हणतो, 'माझी बायको न्यायला आलोय.' म्हातारी लाजून चूर. म्हणती, 'मी बसलेय, मला उठवू नका, तुमचाच नियम हाय.' आजोबा म्हणाला, 'त्यो नियम पाहुण्यांना. तू काय पाहुणी हाईस का?' सगळी बस हसाय लागली."

बसमध्ये एकच जागा होती, शेवटच्या बाकावर, खिडकीशी. तिथे एक लिंबू आणि घडी घातलेली कॅरीबॅग राहिली होती. मी बसलो. धारूर सोडलं तेव्हा मी लिंबू हुंगत होतो आणि केज यायच्या आत कॅरीबॅगेचाही उपयोग झाला. तोवर मी कधी गाडीच्या मागच्या भागात बसलोच नव्हतो. मला गाडी लागते, हे मला त्या वयात कळलं.

साडूंची बॅटरी त्या ज्यादा फेऱ्यात उतरली, म्हणून ते केजला एका ओळखीच्या गिरणीत गाडीला वायर लावून थांबले. त्यामुळे मी नांदूरघाटला त्यांच्या आधी पोचलो. अंगणात सगळे बसले होते. कुणीतरी विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही एसटीनं? अर्धी गाडी कुठंय?" माझं तोंड कडू झालं होतं, बायको माझ्या पिवळ्या चेहऱ्याकडे बघत होती. 'मी अक्काच्या जागेवर बसलो होतो' असं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "कुठली गाडी? साडूंनी घाटातच उतरवलं मला. म्हणाले, जागा न्हाई." अंगण हसून हसून लोळलं. दुपार कलताना ते दोघं आले तेव्हा हा शेरा दारातच त्यांच्या अंगावर पडला. "काय बे मालक, भाऊसाहेबांला घाटात उतरविलं म्हणं!" साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांना सगळं एका वाक्यात फोडता आलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "व्हय. आता म्हातारपणी माणूस बिघडतोच." खाटेवर पडलेल्या भावाला अक्कानं ओवाळलं. तिची साडी कोरी करकरीत होती.

आपलं नाव खराब झालं तरी चालेल, पण पाहुण्याला चारचौघांत खाली बघायला लागू नये, हा त्यांचा जीपमधलाच नियम होता. तो त्यांनी माझ्यासाठी आजवर पाळला. मी इतकी वर्षं त्याचा फायदा घेतला. म्हणून ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट सांगितली असेल, जे जे तिला हसले असतील, त्यांनी आता ही सांगावी. साडूंनी कुणालाही उतरवलं नाही. मी उतरलो, तेही फार उशिरा.

गाडी अजून आहे. रंग उडालाय, गोठ्यातल्या म्हशीनं एका बाजूचा आरसा चाटून चाटून सैल केलाय. दोघं कुठे ना कुठे जात असतात. अंबाजोगाई झाली, कपिलधार झालं, लेकीकडे पुण्याला मात्र रेल्वेनं जातात. मागच्या महिन्यात मी तेलगावच्या फाट्यावर ऊन चुकवत उभा होतो. समोरून गाडी आली आणि मला लपायला आडोसा मिळेना. साडूंचा पाय ब्रेकवर गेलाच. गाडी माझ्यापुढे थांबली, आणि सवयीनं ते म्हणाले, "या भाऊसाहेब, बसा." बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आणि बिचारे गोरेमोरे झाले. आता अक्का उतरणार.

अक्का उतरली नाही. तिनं काच पुरती खाली केली, पदर सावरला, आणि तिच्या सगळ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य ती बोलली.

"भाऊसाहेब, जागा न्हाई हो. मागनं एसटी येतीया."

"जा, जा," मी म्हणालो. "सावकाश जा."

गाडी निघून गेली. एसटी यायला बराच वेळ लागला. ऊन होतं, पण मला त्या दिवशी उभं राहायला बरं वाटलं.